नावेतून आलेलं नाव

हार्बर लाइनची गाडी मानखुर्द सोडते आणि थोड्याच वेळात खाडीपुलावर चढते. ओहोटीची वेळ असेल तर दोन्ही बाजूंना चिखल दिसतो, काळसर आणि चकाकणारा. त्यात पाण्याच्या बारीक वाटा वेड्यावाकड्या उमटलेल्या असतात, लांबवर तिवरांची हिरवी रेघ असते, आणि हिवाळ्यात गेलात तर त्या चिखलावर गुलाबी ठिपक्यांसारखे रोहित पक्षी. सहा तासांनी परत या, सगळं पाण्याखाली गेलेलं असतं. या पाण्याला आपण ठाण्याची खाडी म्हणतो आणि इंग्रजी नकाशात ते ठाणे क्रीक असतं. त्यामुळे क्रीक म्हणजे खाडी हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसतं. माझ्याही बसलं होतं.

मग एका अमेरिकन कादंबरीचा जुना मराठी अनुवाद हाती आला. त्यात गवताळ माळावरची गुरं रोज संध्याकाळी खाडीवर पाणी प्यायला जात होती. मी तिथेच थांबलो. खाडीचं पाणी खारं, गुरं त्याला तोंड लावत नाहीत, हे किनाऱ्यावरच्या पोरालाही ठाऊक असतं. शिवाय गोष्ट घडत होती समुद्रापासून शेकडो मैल आत. अनुवादकाने शब्दकोश पाहिला होता आणि शब्दकोशानेही त्याला खोटं सांगितलं नव्हतं. एकाच शब्दात दोन जातींचं पाणी होतं. एक भरती-ओहोटीचं, खारं. दुसरं उंचावरून उतरणारं, गोडं. ही दोन पाणी एका शब्दात कशी आली, हा प्रश्न मनात राहिला आणि त्याच्यामागे लागून हे पुस्तक झालं.

लहानशा प्रवाहासाठी इंग्रजीत शब्दांची वाण नाही. ब्रुक, बर्न, बोर्न, बेक, रिल, रन, ब्रँच, किल, बायू अशी मोठी भावंडं आहेत आणि त्या प्रत्येकाला आपला मुलूख आहे. आपल्याकडेही तसंच आहे. देशावर ओढा आणि ओहोळ, कोकणात पऱ्या आणि व्हाळ, विदर्भात नाला. तरी या पुस्तकाच्या मध्यभागी मी क्रीक ठेवला. बाकीचे शब्द बहुतेक आपापल्या जागी राहिले, हा एकटा जगभर फिरला आणि जाईल तिथे अर्थ बदलत गेला.

त्याचं मूळ बहुधा उत्तरेकडच्या नाविकांच्या जुन्या नॉर्स भाषेत आहे. तिथे 'क्रिकी' म्हणजे कोपरा, बेचका, आत वळलेली जागा. आजच्या आइसलँडच्या भाषेत काखेला 'हांडारक्रिकी' म्हणतात, म्हणजे हाताचा बेचका. ही एक गोष्ट कळली आणि मला शब्द डोळ्यांपुढे दिसायला लागला. बाहेर मोकळा समुद्र आहे, वारा सुटलेला आहे, आणि किनाऱ्याच्या काखेत एक अरुंद जागा आहे जिथे होडी सुखरूप राहील. म्हणजे मुळात हा शब्द पाण्याचा नव्हताच, आडोशाचा होता. फ्रेंचांनीही तो नॉर्समधूनच उचलला, त्यांचा 'क्रीक' आजही लहानशा बंदरवजा खोबणीला म्हणतात. डचांचा 'क्रेक' याच कुळातला. इंग्लंडमध्ये तो बाराव्या-तेराव्या शतकापासून सापडतो, आणि मध्ययुगात त्याची 'क्रिक' आणि 'क्रेक' अशी दोन्ही रूपं चालत होती. आज अमेरिकेतला एखादा शेतकरी आपल्या ओढ्याला 'क्रिक' म्हणतो तेव्हा शहरी लोक त्याला अडाणी समजतात. पण त्याच्या तोंडचा उच्चार काही कालचा नाही.

मराठीत नाव म्हणजे ओळखीचा शब्द आणि नाव म्हणजे होडीसुद्धा. क्रीकच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. हे नावेतून आलेलं नाव आहे. ते ठेवणारा माणूस जमिनीवर उभा नव्हता, समुद्रावरून जमिनीकडे बघत होता. पाण्याच्या कुठल्याही नावाला आपण हाच प्रश्न विचारला पाहिजे असं मला वाटतं: हे नाव दिलं तेव्हा देणारा कुठे उभा होता? पुस्तकभर मी हाच प्रश्न धरून चाललो आहे.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण लंडनच्या आग्नेयेला, डेप्टफर्डमध्ये आहे. केस्टनजवळच्या एका झऱ्यातून रेव्हन्सबोर्न नावाचा लहानसा प्रवाह निघतो आणि काही मैल वाहून थेम्सला मिळतो. वर, शेतांमधून आणि आता उपनगरांमधून जाताना त्याचं नाव बोर्न, हा गोड्या पाण्याच्या ओढ्याचा जुना इंग्रजी शब्द. तोच प्रवाह थेम्सजवळ आला, त्यात भरतीचं पाणी शिरू लागलं, की नाव बदलतं. तिथे तो डेप्टफर्ड क्रीक होतो. पाणी एकच, पण वरचं नाव नांगरणाऱ्याने दिलेलं आणि खालचं शीड सोडणाऱ्याने. १५१३ मध्ये इथे राजाची गोदी सुरू झाली. पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेल्या ड्रेकचं गोल्डन हाइंड हे जहाज इथेच होतं, आणि १५८१ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीने त्याच जहाजावर येऊन त्याचा सन्मान केला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने सुरुवातीची आपली जहाजं इथेच बांधली. या चिखलात ज्यांची होडी रुतत होती, त्यांच्यासारख्याच खलाशांनी पुढे आपल्या किनाऱ्यावरच्या खाड्या पाहिल्या. ओहोटीला उघडा पडणारा तोच काळा चिखल आणि त्यातल्या त्याच वळणदार वाटा. क्रीक म्हणायला त्यांना विचार करावा लागला नसणार. इंग्लंडात तर या शब्दाला सरकारी अर्थही होता. जकातीच्या व्यवस्थेत मोठं बंदर वेगळं आणि त्याच्या हाताखालचे माल उतरवायचे बारीकसारीक धक्के वेगळे, त्यांना क्रीक म्हणत.

अमेरिकेत मात्र शब्दाने किनारा सोडला. १६०७ मध्ये जेम्सटाउनची वसाहत झाली, पुढच्याच वर्षी जॉन स्मिथने उघड्या होडीतून चेसापीकचा उपसागर पिंजून काढला. तिथला किनारा असा की भरतीचं पाणी आत कितीतरी मैल जातं. होडीतून बघणाऱ्याला मुखाशी खाडी दिसायची, त्याने क्रीक म्हटलं. मग कुणी वर गेलं, आणखी कुणी त्याहून वर. पाणी खारं होतं ते मचूळ झालं, मग गोडं झालं, अरुंद झालं, दगडांवरून खळाळू लागलं, तरी नाव तेच राहिलं. मुखाशी ठेवलेलं नाव प्रवाहाच्या उलट दिशेने उगमापर्यंत चढलं. आणि एकदा गोड्या पाण्याला क्रीक म्हणायची सवय झाल्यावर माणसं समुद्र मागे ठेवून पश्चिमेला निघाली आणि शब्दही त्यांच्या गाड्यांमधून गेला. लॉरा इंगल्स वाइल्डरचं १९३७ सालचं बालपुस्तक ज्या प्लम क्रीकच्या काठचं आहे, तो मिनेसोटाच्या माळावर आहे. तिथे ते कुटुंब ओढ्याच्या दरडीत खणलेल्या घरात राहत होतं, वर छप्पर गवत उगवलेल्या मातीचं. त्या ओढ्याला खाडी म्हटलं की सगळं चित्रच पुसलं जातं.

सगळी अमेरिका क्रीकची झाली असं मात्र नाही. न्यू इंग्लंडने ब्रुक जपला. पेनसिल्व्हेनिया-व्हर्जिनियात रन, दक्षिणेत ब्रँच, हडसनच्या खोऱ्यात डचांनी मागे ठेवलेला किल, लुइझियानात चोक्टॉ लोकांच्या भाषेतून आलेला बायू. यादवी युद्धात उत्तरेचं सैन्य लढायांना बहुधा जवळच्या प्रवाहाचं नाव द्यायचं आणि दक्षिणेचं जवळच्या गावाचं. त्यामुळे १८६१ ची एकच लढाई उत्तरेला बुल रन आणि दक्षिणेला मनासस.

ब्रिटनमधल्या जुन्या शब्दांबद्दल दोन शब्द सांगतो, कारण नवख्या वाचकाला इथेच गोंधळ होतो. ब्रुक आणि बर्न हे दोन्ही जुन्या इंग्रजीतले. ब्रुकचे जर्मन आणि डच चुलतभाऊ पाणथळ जमिनीला म्हणतात, ब्रसेल्स या शहराच्या नावात तेच पाणथळ आहे. बर्न उत्तरेकडे आणि स्कॉटलंडमध्ये टिकला, १३१४ ची लढाई झाली ते बॅनकबर्न त्यातलंच. दक्षिणेतल्या खडूच्या टेकड्यांमध्ये तो बोर्न झाला. तिथे विंटरबोर्न नावाची किती तरी गावं आहेत, म्हणजे हिवाळी ओढा. खडूचा दगड पावसाचं पाणी पोटात घेतो, हिवाळ्यात भूजल वर आलं की ओढा वाहतो आणि उन्हाळ्यात नाहीसा होतो. बेक मात्र बाहेरून आला. नवव्या शतकात डेन्मार्क आणि नॉर्वेहून आलेले लोक जिथे जिथे वसले, त्या यॉर्कशायर आणि लेक डिस्ट्रिक्टच्या नकाशावर आजही बेकच बेक दिसतात. त्याचा जर्मन भाऊ बाख, आणि त्या थोर संगीतकाराचं आडनाव म्हणजे ओढाच. शिवाय आपलाही या घराण्यात एक नातेवाईक आहे. इंग्रजी स्ट्रीम आणि आपला स्रोत एकाच आदिम धातूतून आले. स्रवणे आणि स्राव याच पाण्यातले.

आता अभ्यासाकडे वळतो. १९२३ मध्ये इंग्लिश प्लेस-नेम सोसायटी स्थापन झाली आणि जिल्ह्यामागून जिल्ह्याची गावनावं जुन्या दस्तऐवजांतून शोधून छापायला लागली. त्याच वळणावर स्वीडनच्या आइलर्ट एकवॉल यांचा इंग्रजी नद्यांच्या नावांचा ग्रंथ १९२८ मध्ये आला. हे सगळे व्युत्पत्तीचे पंडित होते, सनदेतलं रूप, त्याआधीचं रूप, मग धातू, अशी त्यांची वाट. त्यांच्यामुळेच कळलं की इंग्लंडात इतक्या नद्या एव्हन का आहेत. ब्रिटनच्या जुन्या केल्टिक भाषेत त्या शब्दाचा अर्थच नदी. नव्याने आलेल्यांना काठावरच्यांकडून तोच शब्द ऐकू आला आणि त्यांनी तो विशेषनाम म्हणून लिहून घेतला. आमच्या गावच्या ओढ्यालाही नाव नाही. घराच्या मागे वाहतो तो ओढा, बस. नाव लागतं ते बाहेरून येणाऱ्याला.

मार्गारेट गेलिंग यांनी या अभ्यासाला पाय दिले. १९८४ मधलं त्यांचं पुस्तक आणि पुढे अ‍ॅन कोल यांच्याबरोबर २००० मध्ये केलेलं काम माझ्या मते या क्षेत्रातलं सगळ्यात मोलाचं. त्यांचं म्हणणं असं की जुने शब्द एकमेकांच्या जागी सैलपणे वापरलेले नाहीत. प्रत्येक शब्दाला जमिनीचा विशिष्ट आकार, पाण्याचा विशिष्ट गुण अभिप्रेत आहे, आणि तो तपासायचा तर त्या जागी जाऊन उभं राहिलं पाहिजे. ब्रुकचं पाणी गढूळ, बर्नचं स्वच्छ, असा फरक त्यातून पुढे आला. काही पंडितांना हा फरक जरा जास्तच नेटका वाटतो, आणि शतकं उलटल्यावर पाणी बदलतं हा आक्षेपही खरा आहे. पण नुसत्या कागदावर बसून गेलिंग यांना उत्तर देता येत नाही.

बोलीच्या अभ्यासकांची वाट तिसरी. जोसेफ राइट यांच्या १८९८ ते १९०५ मधल्या बोलीकोशापासून ती सुरू होते. अमेरिकेत हान्स कुराथ यांनी १९४९ मध्ये पूर्व किनाऱ्याच्या बोलींचा भूगोल मांडला, आणि १९५५ मध्ये विल्बर झेलिन्स्की या भूगोलतज्ज्ञाने ईशान्य अमेरिकेतली ब्रुक, रन, क्रीक अशी सामान्यनामं नकाशावर उतरवली. कुठून कोण आले आणि कुठल्या खिंडीतून पुढे गेले, ते या नकाशांत शब्दांच्या वाटेने दिसतं. जॉर्ज स्टुअर्ट यांचं १९४५ चं 'नेम्स ऑन द लँड' मात्र कोणत्याच कप्प्यात बसत नाही. ते देशाच्या नामकरणाची कहाणी सांगतं आणि सुरुवात करणाऱ्याने तेच आधी वाचावं.

या सगळ्यांत एक मोठी उणीव होती, ती उशिरा भरायला लागली. युरोपीय माणूस होडीतून किंवा घोड्यावरून आला तेव्हा पाण्याला नावं नव्हती असं नाही. कीथ बासो यांनी १९९६ मध्ये पश्चिमी अपाची लोकांच्या स्थळनामांवर लिहिलं, तेव्हा नाव हा एका समाजाच्या शहाणपणाचा साठा असू शकतो हे अनेकांना प्रथमच कळलं. ऑस्ट्रेलियातही आता जुनी नावं परत येत आहेत. एयर सरोवर आज काटी थांडा-लेक एयर आहे.

ऑस्ट्रेलियाचा विषय निघाला आहे तर कूपर क्रीकपाशी थोडं थांबू. क्वीन्सलंडमध्ये थॉमसन आणि बार्कू या दोन नद्या एकत्र येतात आणि त्यांचा मिळून होतो एक क्रीक. हे असं का? १८४५ मध्ये चार्ल्स स्टर्ट तिथे पोचला तेव्हा पात्र प्रचंड होतं पण पाण्याला ओढ नव्हती. वाहत नाही त्याला नदी कशी म्हणायची, म्हणून त्याने क्रीक म्हटलं आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या न्यायाधीश चार्ल्स कूपर यांचं नाव दिलं. पूर आला की हाच क्रीक मैलोन् मैल पसरतो, एरवी कूलिबाच्या झाडांखाली डोहांची माळ उरते. २१ एप्रिल १८६१ च्या संध्याकाळी बर्क, विल्स आणि किंग हे तिघे शोधप्रवासी खंड ओलांडून, अर्धमेले होऊन या काठच्या तळावर परत आले. त्यांची वाट बघणारी तुकडी त्याच दिवशी सकाळी तळ उठवून गेली होती. अन्न पुरल्याची खूण एका कूलिबाच्या बुंध्यात कोरलेली होती. बर्क आणि विल्स पुढच्या काही आठवड्यांत त्याच क्रीकच्या काठी मरण पावले. किंग जगला, कारण यांद्रुवांधा लोकांनी त्याला सांभाळलं. ज्या पाण्याकाठी या तिघांना उपासमार दिसली, तिथे ते लोक मासे आणि नार्डू नावाच्या नेच्याचं पीठ खाऊन पिढ्यान् पिढ्या राहत होते.

हे सगळं आत्ता का, असं कुणी विचारेल. २००६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात रापानोस खटल्यात प्रश्न होता की १९७२ च्या स्वच्छ पाण्याच्या कायद्यातलं पाणी म्हणजे नेमकं कुठलं. न्यायमूर्ती स्कालिया यांनी वेबस्टरच्या जुन्या कोशाचा आधार घेऊन लिहिलं की कायद्याला अभिप्रेत आहेत ते तुलनेने कायम वाहणारे प्रवाह. तेव्हा ते बहुमत नव्हतं. मे २०२३ मध्ये सॅकेट खटल्यात तेच मत बहुमताचं झालं. अ‍ॅरिझोनासारख्या राज्यात बहुतेक ओढे वर्षाचा बराच काळ कोरडे असतात, पावसात मात्र तेच सगळं पाणी नेतात. त्यांच्यापैकी किती आता केंद्राच्या संरक्षणाबाहेर जातील, हा तिथला आजचा वाद आहे. गंमत नाही, दुःख आहे, की त्याच देशाच्या स्थळनामांच्या सरकारी यादीत क्रीक, ब्रुक, रन सगळे एकाच वर्गात आहेत, कारण त्यांना वेगळं करणारी अधिकृत व्याख्याच नाही.

आपल्यालाही हे परकं नाही. कच्छच्या टोकाशी सर क्रीक आहे. तिथली हद्द प्रवाहाच्या मध्यावरून की पूर्व काठावरून, हा भारत-पाकिस्तानचा वाद मुंबई सरकारच्या १९१४ च्या ठरावापाशी जातो. आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी मुंबईतल्या कित्येकांना कळलं की ज्याला ते नाला म्हणत होते ती मिठी नावाची नदी आहे आणि ती माहीमच्या खाडीला मिळते. नाला म्हटलं की त्यात काहीही टाकता येतं, भिंत घालता येते, वर पत्रे घालता येतात. नाला हा शब्दही मोठा प्रवासी आहे. भारतात इंग्रजांनी आतल्या ओढ्यांना क्रीक म्हटलं नाही. इथे त्यांना तयार शब्द मिळाला, त्यांनी तो नल्ला म्हणून घेतला, आणि हाँगकाँगला काँक्रीटच्या गटारांना तेच नाव दिलं. माँगकॉकमध्ये आज नल्ला रोड आहे.

या पुस्तकात मी कोश केलेला नाही. एका शब्दाच्या मागे किनाऱ्यापासून उगमापर्यंत चालत गेलो आहे, वाटेत भेटलेल्या शब्दांपाशी कमीजास्त थांबलो आहे. अनुवाद करणाऱ्यांना उपयोग व्हावा अशी इच्छा मनात होती, म्हणून प्रत्येक जागी पाणी खारं की गोडं, बारमाही की हंगामी, हे सांगितलं आहे. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचा क्रीक मी खाडी म्हणून लिहिला, अमेरिकेचा ओढा म्हणून, आणि ऑस्ट्रेलियाचा बहुतेक ठिकाणी क्रीकच ठेवला, कारण डोहांच्या त्या तुटक माळेला आपल्याकडे चपखल शब्द मला सापडला नाही.

एका ठिकाणी मात्र तो शब्द मी मुद्दाम गाळला. आजच्या जॉर्जियात ओक्मल्गी नावाची नदी आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिच्या काठी मस्कोगी लोकांची वस्ती होती आणि इंग्रज व्यापारी त्या पाण्याला ओचीसी क्रीक म्हणत. त्या लोकांना ते ओचीसी क्रीकचे लोक म्हणू लागले, मग नुसतेच क्रीक. १८१३-१४ चं युद्ध त्याच नावाने लढलं गेलं आणि १८३० च्या दशकात त्यांना त्याच नावाने तिथून ओक्लाहोमाकडे हाकललं गेलं. नदीचं ते नाव केव्हाच पुसलं गेलं, लोकांवरचं राहिलं. २०२१ मध्ये त्यांच्या राष्ट्राने आपल्या रोजच्या व्यवहारातल्या नावातून क्रीक काढून टाकला. त्या प्रकरणात मी सगळीकडे मस्कोगी असंच लिहिलं आहे.